ओडिसियसचे गुण आणि दोष
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला कोणीतरी एकीने आपण वाचलेल्या ग्रंथाविषयी चार शब्द बोलायचे, असा आपला रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहून बोलायची सवय नाही. विळीवर बसून बोलायची मात्र पुष्कळ आहे! तेव्हा शेजारणीशी बोलावे तसेच मी बोलणार आहे. काही राहिले-साहिले तर सांभाळून घ्या.

मी निवडलेला ग्रंथ दूरदेशीचा आहे. त्याचे नाव 'ओडिसी'. प्राचीन ग्रीस देशातील होमर या कवीच्या नावावर दोन महाकाव्ये सांगितली जातात. पहिले 'इलियड', ते ट्रॉय नगरीच्या युद्धाचे. दुसरे 'ओडिसी', ते त्या युद्धाहून घरी परतणाऱ्या एका वीराचे. ही काव्ये रचली गेली त्याला सुमारे २,७०० वर्षे झाली, असे विद्वान मानतात. 'ओडिसी'चे सर्ग २४ आणि ओळी १२,००० हून थोड्या अधिक. कथा मी मराठीतून वाचली आणि जिथे अडले तिथे मुलीने इंग्रजी पुस्तक समोर धरून मला अर्थ सांगितला. दोन महिने आमच्या घरी भाजी निवडताना दुसरा विषय नव्हता.

या काव्याचा नायक ओडिसियस. रोमन लोक त्याला युलिसिस म्हणत. इथाका नावाच्या एका लहानशा, खडकाळ बेटाचा तो राजा. वीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धनुष्य, तलवार आणि पिळदार दंड येतात. ओडिसियसजवळ तेही होते, पण त्याची खरी ख्याती बुद्धीची. काव्याच्या पहिल्याच ओळीत कवी त्याला एक विशेषण लावतो. त्याचा सरळ अर्थ 'पुष्कळ वळणांचा'. आता ही वळणे शहाणपणाची म्हणायची, लबाडीची म्हणायची, की समुद्रातल्या भटकंतीची? जाणकार सांगतात की त्या एका शब्दात हे सगळेच मावते. म्हणजे कवीने आरंभीच आपल्याला सांगून ठेवले की बाई, हा माणूस सरळ रेषेतला नाही.

त्याचे गुण कोणते आणि दोष कोणते, याचा विचार करता करता मला एक गोष्ट दिसली. त्याच्या गुणांचे आणि दोषांचे मूळ एकच आहे. ते म्हणजे त्याची जीभ. केव्हा गप्प बसावे हे त्याला जितके कळत होते तितके जगात दुसऱ्या कोणाला कळत नसेल. पण गप्प बसण्याची जी त्याची ताकद, तीच पुष्कळदा त्याच्या माणसांच्या जिवावर आली. हेच मला आज थोडे उलगडून सांगायचे आहे.

आधी कथा थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. ओडिसियस युद्धाला गेला तेव्हा घरी तरणी बायको पेनेलोपी आणि तान्हा मुलगा टेलेमाकस होता. युद्ध दहा वर्षे चालले. परतीच्या वाटेवर आणखी दहा वर्षे गेली. ट्रॉयहून निघताना त्याच्याबरोबर १२ जहाजे होती. इथाकेला पोचला तो एकटा, आणि तोही दुसऱ्यांच्या जहाजातून. इकडे तो मेलाच असे धरून १०८ तरुण सरदार पेनेलोपीला मागणी घालायला घरात ठाण मांडून बसले होते. रोज त्याच्या गुराढोरांचा फडशा, रोज मेजवान्या. 'सासऱ्यासाठी प्रेतवस्त्र विणून होऊ दे, मग लग्नाचे बघू,' असे सांगून ती दिवसा विणायची आणि रात्री दिव्याच्या उजेडात तेच उसवायची. अशी तिने तीन वर्षे काढली. चौथ्या वर्षी एका दासीने ते फोडले. अशा वेळी ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो, धनुष्याचा पण जिंकतो, त्या सर्वांना मारतो आणि संसार परत मिळवतो. ही झाली कथा.

आता त्याचे गुण पाहू. पहिला गुण म्हणजे वेळ ओळखून मौन. ट्रॉयचा लाकडी घोडा आपण ऐकून आहोत. त्या घोड्याच्या पोटात ग्रीक योद्धे लपून बसले होते. हेलन बाहेरून घोड्याभोवती फिरली आणि एकेकाच्या बायकोचा आवाज काढून तिने त्यांना हाका मारल्या. दहा वर्षे घर सोडलेली माणसे ती! एक जण 'ओ' देणार, तोच ओडिसियसने दोन्ही हातांनी त्याचे तोंड दाबून धरले आणि धोका टळेपर्यंत सोडले नाही. सगळे वाचले ते तेवढ्यामुळे.

दुसरा प्रसंग एकडोळ्या राक्षसाच्या गुहेतला. राक्षसाचे नाव पॉलिफीमस. गुहेच्या तोंडाला त्याने प्रचंड शिळा लावली आणि ओडिसियसची दोन-दोन माणसे तो खाऊ लागला. ओडिसियसला तो झोपेत असताना मारता आला असता. पण मग ती शिळा कोण हलवणार? रागाच्या भरात हात उचलायच्या आधी त्याने हा विचार केला. मग राक्षसाला कडक मद्य पाजले, नाव विचारल्यावर 'माझे नाव कोणीनाही' असे सांगितले आणि रात्री तापवलेल्या ओंडक्याने त्याचा डोळा फोडला. राक्षस ओरडला तेव्हा शेजारचे राक्षस धावून आले आणि बाहेरूनच विचारू लागले, 'कोण मारतो आहे तुला?' तो म्हणाला, 'कोणीनाही!' ते म्हणाले, 'कोणी नाही, मग ओरडतोस कशाला?' आणि निघून गेले. सकाळी मेंढ्यांच्या पोटाखाली लटकून ही मंडळी बाहेर पडली. आमच्या घरी या जागी हसून हसून पुरेवाट झाली.

तिसरा गुण सोशिकपणा. तो परक्यांत सोसणे निराळे आणि स्वतःच्या घरात सोसणे निराळे. भिकारी होऊन तो स्वतःच्या दारात उभा आहे. उकिरड्यावर त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस पडलेला आहे. वीस वर्षांनी धन्याला ओळखणारा तो पहिला. शेपूट हलवतो, कान पाडतो, उठायची शक्ती नाही. ओडिसियसला त्याच्याजवळ जाता येत नाही, कारण गुपित फुटेल. तो तोंड फिरवून डोळे पुसतो. कुत्रा तिथेच प्राण सोडतो. आत गेल्यावर एक सरदार त्याला पायाखालचे चौरंग फेकून मारतो. तो मुकाट्याने सहन करतो. रात्री स्वतःच्याच ओसरीत जमिनीवर पडून तो आपल्या मनाला दटावतो की याहून वाईट सोसले आहेस, हेही सोस. मोठ्याने गर्जना करणारे वीर पुष्कळ असतात. असा गिळून बसणारा विरळा.

आणि चौथा गुण, जो मला सर्वांत मोठा वाटतो, तो म्हणजे त्याला घर हवे होते. कॅलिप्सो नावाच्या अप्सरेच्या बेटावर तो सात वर्षे अडकला होता. ती त्याला अमर करायला तयार होती. म्हातारपण नाही, मरण नाही. तो तिला सरळ सांगतो की माझी बायको रूपाने तुझ्यासारखी नाही, ती एक दिवस मरणार आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मला घरीच जायचे आहे. भगिनींनो, अमरपण सोडून पिकल्या केसांच्या संसाराकडे येणारा नायक मला तरी दुसरीकडे भेटलेला नाही.

एवढे गुण सांगितल्यावर दोष सांगताना जीभ जड होते. पण कवीने ते लपवलेले नाहीत, तेव्हा आपण तरी का लपवावे?

पहिला दोष, जिथे गप्प बसायचे तिथे तो बोलला. मघाच्या राक्षसाच्या गुहेतून सुटका झाली, जहाज निघाले. तेवढ्यात याने राक्षसाला हाक मारून डिवचले. आंधळ्या राक्षसाने डोंगराचा कडा उपटून आवाजाच्या रोखाने फेकला. जहाज लाटेबरोबर पुन्हा किनाऱ्याला लागता लागता राहिले. सोबती हात जोडून विनवू लागले की आता पुरे करा. पण याचा मान जागा झाला होता. पुन्हा ओरडून याने स्वतःचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव सगळे सांगितले. राक्षसाला हवे होते तेच मिळाले. त्याचा बाप समुद्रदेव पोसायडन. त्याने बापाची प्रार्थना केली की हा घरी पोचूच नये आणि पोचलाच तर उशिरा, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून पोचावा, व घरात गेल्यावर त्याला दुःखच दिसावे. 'कोणीनाही' या नावाने जो जगला, तो आपले खरे नाव सांगून बुडाला. आणि या सगळ्याच्या आधीही सोबती म्हणत होते की चीज घेऊ आणि निघू. हाच हट्टाने थांबला की गुहेचा मालक कसा आहे ते पाहू, पाहुणचार काय देतो ते पाहू. त्या पाहुणचारात सहा माणसे गेली.

दुसरा दोष याच्या उलट. जिथे बोलायचे तिथे तो गप्प राहिला. ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते. वाऱ्यांचा अधिपती इओलस याने महिनाभर त्यांचा पाहुणचार केला आणि निघताना सगळे वादळी वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत बांधून ओडिसियसला दिले. फक्त घराकडे नेणारा वारा मोकळा ठेवला. नऊ दिवस आणि नऊ रात्री ओडिसियसने शिडाची दोरी दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. डोळ्याला डोळा लावला नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसली, किनाऱ्यावर शेकोट्या पेटवणारी माणसेसुद्धा दिसली. आणि त्या क्षणी थकून त्याला झोप लागली. सोबत्यांत कुजबुज सुरू झाली. 'पिशवीत सोने-चांदी असणार. आपण एवढे कष्ट केले आणि रिकाम्या हाताने घरी जाणार. बघू तरी काय आहे.' त्यांनी पिशवी सोडली. वारे सुटले आणि जहाजे होती तिथे परत गेली. पुन्हा तो किनारा दिसायला ओडिसियसला किती तरी वर्षे लागली आणि सोबत्यांना तो कधीच दिसला नाही.

चूक कोणाची? सोबत्यांची लोभी नजर वाईट, हे खरेच. पण 'या पिशवीत वारे आहेत, हिला हात लावू नका,' एवढे एक वाक्य दहा दिवसांत याला बोलता आले नसते का? आणि दोरी एक प्रहर दुसऱ्याच्या हाती देता आली नसती का? सगळा भार आपणच वाहायचा, कोणाला काही सांगायचे नाही आणि मग नेमके दारात येऊन कोसळायचे! माणसावर विश्वास टाकला नाही की त्याच्या मनात संशय भरतो. रिकाम्या जागेत कचरा साठावा तसे ते आहे.

माझ्या वडिलांनी आपले दुखणे सहा महिने आईला कळू दिले नाही. 'उगीच तिला काळजी नको,' हा हेतू. हेतूत खोट नव्हती. पण कळले तेव्हा उपाय उरला नव्हता आणि आईला पुढे जन्मभर एकच दुःख राहिले, की मला सांगितले का नाही. मरणापेक्षाही ते न सांगणे तिला जास्त टोचले. आपल्यापैकी कितीजणींना घरावरचे कर्ज वसुलीचा माणूस दारात उभा राहिल्यावर कळते! 'बायकांना कशाला सांगायचे' असे म्हणून बांधून ठेवलेल्या पिशव्या आपल्याकडे घरोघर आहेत. म्हणून ही वाऱ्यांची पिशवी मला फार लांबची वाटली नाही.

कवीने ही गोष्ट पुढे आणखी स्पष्ट केली आहे. सर्सी नावाच्या जादूगारणीने ओडिसियसला पुढच्या वाटेवरचे धोके सांगितले होते. पहिला धोका सायरन या गाणाऱ्या मोहिन्यांचा. इथे ओडिसियसने सोबत्यांना सगळे सांगितले. तो म्हणाला की हे एकट्या-दुकट्याला ठाऊक असणे बरे नव्हे, सर्वांना कळले पाहिजे. त्यांच्या कानांत मेण घातले, स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले, आणि एकाही माणसाचा केस वाकडा झाला नाही. लगेच दुसरा धोका आला, सिला नावाच्या सहा तोंडांच्या राक्षसीचा. इथे मात्र तो बोलला नाही. घाबरून माणसे वल्ही टाकून देतील आणि खाली दडून बसतील, असे त्याला वाटले. सहा माणसे त्याच्या डोळ्यांदेखत उचलली गेली, त्याचे नाव घेऊन हाका मारत. आता सर्सीने त्याला सांगून ठेवले होते की सहा जाणारच, जहाज जाण्यापेक्षा ते बरे. तेव्हा इथे तो चुकलाच असे मी म्हणणार नाही. पुढाऱ्याला अशी वेळ येते. पण ज्यांच्या जिवाचा प्रश्न, त्यांनाच त्यातले काही ठाऊक नव्हते, हे मनातून जात नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की बोलून नेहमीच भले होते असे नाही. सूर्यदेवाच्या गाई मारू नका, असे त्याने सोबत्यांना बजावून सांगितले होते, शपथा घेतल्या होत्या. महिनाभर उलटे वारे वाहिले, अन्न संपले, आणि तो बाजूला गेला असता त्यांनी गाई मारून खाल्ल्या. त्यात जहाज फुटले आणि सगळे बुडाले. तिथला दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

तिसरा दोष हा की लपवण्याची सवय जडली ती जडलीच. गरज सरली तरी ती सुटेना. सगळे सरदार मेले, घर मोकळे झाले, बायको भेटली. मग तो म्हाताऱ्या बापाला, लेआर्टिसला, भेटायला मळ्यात गेला. म्हातारा ठिगळांचे कपडे घालून झाडाची आळी खणत होता. ओडिसियस झाडाआड उभा राहून रडला. धावत जाऊन गळ्यात पडावे, की आधी थोडी परीक्षा पाहावी, असा विचार करू लागला. आणि त्याने परीक्षा पाहिली! परका माणूस होऊन खोटी हकीकत सांगितली. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी माती उचलून आपल्या पांढऱ्या डोक्यावर घातली. तेव्हा कुठे याला कळवळा आला आणि याने बापाला मिठी मारली. मग ओळख पटवण्यासाठी, लहानपणी बापाने दिलेली झाडे त्याने मोजून सांगितली: १३ नाशपातीची, १० सफरचंदांची, ४० अंजिरांची आणि द्राक्षवेलींच्या ५० ओळी. वीस वर्षांनंतरही मुलाला आकडा पाठ होता. किती गोड जागा आहे! पण मी मनात म्हटले, अरे, हीच झाडे आधी मोजली असतीस तर त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर माती पडली नसती.

आता चौथी गोष्ट. हिला नुसता दोष म्हणावे की पाप, ते तुम्हीच ठरवा. राजवाड्यात ५० दासी होत्या. सरदार मेल्यावर ओडिसियसने म्हाताऱ्या दाईला, यूरिक्लिआला, विचारले की यातल्या बेइमान कोण. तिने बारा जणी सांगितल्या. त्या बाराजणींकडून आधी प्रेते उचलून घेतली, रक्ताने भरलेली मेजे पुसून घेतली, आणि मग टेलेमाकसने त्यांना जहाजाच्या दोरखंडाने एका रांगेत फाशी दिले. जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या त्या लटकल्या आणि त्यांचे पाय थोडाच वेळ हलले, असे कवी सांगतो. त्यातल्या काहींनी धन्याच्या घरात उन्मत्तपणा केला होता, भिकारी समजून त्याला टाकून बोलल्या होत्या, हे काव्यात आहे. पण त्या गुलाम बायका होत्या. १०८ पुरुष घरात धुडगूस घालत असताना त्या 'नाही' म्हणणार कोणाला? आणि खुद्द ओडिसियसच सरदारांना म्हणतो की तुम्ही माझ्या दासींवर जबरदस्ती केलीत. तोंडाने जबरदस्ती म्हणायचे आणि फास मात्र त्यांच्याच गळ्यात घालायचा, हा कोणता न्याय?

त्याच दिवशी दरबारातल्या गायकाने ओडिसियसचे गुडघे धरून सांगितले की मी या सरदारांपुढे खुशीने गात नव्हतो, मला जबरदस्तीने आणले. टेलेमाकसने त्याच्यासाठी शब्द टाकला आणि तो सुटला. दासींना मात्र कोणी विचारलेच नाही. एकीलाही एक वाक्य बोलू दिले नाही. ज्या माणसाच्या जिभेने त्याला शंभर संकटांतून सोडवले, त्याने या बाराजणींना जीभ हलवू दिली नाही.

हा प्रसंग वाचून पुढच्या काळातल्या बायकाही अस्वस्थ झाल्या आहेत. कॅनडातील लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी २००५ साली 'पेनेलोपियाड' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात पेनेलोपी आणि त्या बाराजणी आपापली बाजू स्वतः सांगतात. २०१७ साली एमिली विल्सन या विदुषींचे 'ओडिसी'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. पूर्वीच्या कित्येक भाषांतरकारांनी या दासींसाठी जे घाणेरडे शब्द घातले होते, ते त्या जागी मूळ ग्रीकमध्ये नाहीतच, हे त्यांनी दाखवून दिले. इतक्या वर्षांनी का होईना, कोणी तरी त्यांची विचारपूस केली.

मग असा हा माणूस चांगला की वाईट? माझ्या मुलीने मला हेच विचारले. मी तिला म्हटले, त्याला पेनेलोपीच्या हवाली कर, ती बरोबर तोलते. सगळा निकाल लागल्यावरही ती एकदम त्याच्या गळ्यात पडली नाही. समोर बसून नुसती पाहत राहिली. मुलगा रागावला, 'आई, तुझे काळीज दगडाचे आहे का?' पण जो नवरा जन्मभर सर्वांची परीक्षा पाहत आला, त्याची परीक्षा तिने पाहिली. दमयंतीने नळाला ओळखण्यासाठी त्याच्या हातचा स्वयंपाक चाखून पाहिला होता, त्याच जातीची ही युक्ती. ती दाईला सहज म्हणाली, 'यांचा पलंग बाहेर काढून अंथरूण घाल.' ओडिसियस एकदम भडकला. 'माझा पलंग हलवला कोणी?' तो पलंग त्याने स्वतः, जमिनीत मुळे असलेल्या जिवंत ऑलिव्ह झाडाचा खांब करून बनवला होता. तो हलणे शक्यच नव्हते आणि हे गुपित त्या दोघांखेरीज एका दासीलाच ठाऊक होते. सोळा आण्यांचा धूर्त पुरुष, पण या एका वाक्यावर त्याचा तोल गेला आणि खरे बोलून गेला. तेव्हा पेनेलोपी रडत त्याच्याकडे धावली.

आणि त्यानंतर त्याने काय केले पाहा. तो म्हणाला की अजून एक मोठा प्रवास माझ्या नशिबी आहे. पूर्वीचा ओडिसियस असता तर हे पोटात ठेवून बसला असता. पेनेलोपी म्हणाली की कधी तरी मला कळणारच आहे, तर आत्ताच सांगा. आणि त्याने सांगितले. मग त्या रात्री दोघांनी एकमेकांना वीस वर्षांची हकीकत सांगितली. आधी तिने सांगितले, तिने घरात काय सोसले ते. मग त्याने सांगितले. देवी अथीनाने त्यांच्यासाठी पहाट थांबवून धरली.

माझ्या मते ओडिसियस त्या रात्री घरी आला. किनाऱ्याला पाय लागला तेव्हा नव्हे, शत्रू मारले तेव्हाही नव्हे. दासींचे रक्त त्याच्या हातावर होते आणि बापाची परीक्षा पाहणे दुसऱ्या दिवशी बाकीच होते, म्हणजे तो एका रात्रीत सुधारला असेही नाही. जन्माची खोड अशी जात नाही. पण एका माणसाजवळ तरी त्याने आपली पिशवी सोडली आणि त्यातून वादळ निघाले नाही.

ग्रीक लोक त्याला वीर म्हणत आणि त्याचे दोषही गात, ही मला शिकण्यासारखी गोष्ट वाटते. मोठ्या माणसाचे दोष सांगितल्याने त्याचा मोठेपणा कमी होत नाही. आपल्यालाच त्यातून काही घेता येते. आपण बायका घराबाहेर जपून बोलतो, ते चांगलेच आहे. पण घरात, जिथे एकाच शिडाखाली सगळे बसलेले असतात, तिथे पैशाची, दुखण्याची, संकटाची गोष्ट झाकून ठेवू नये, आणि पुरुषांनाही ठेवू देऊ नये. पेनेलोपीसारखे सरळ विचारावे, 'कधी तरी कळणारच आहे, तर आत्ताच सांगा.' आणि आपल्या हाताखाली काम करणारी असो, सून असो की शेजारीण असो, तिच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी तिचे एक वाक्य तरी ऐकून घ्यावे. बाराजणींनी मला एवढे शिकवले.

 ग्रंथालयात या कथेचे मराठी पुस्तक मिळते, ते जरूर आणा आणि घरात मोठ्याने वाचा. आता चहा होईल.